नवे भूदृश्य आणि जुनी वस्ती
चार्ल्स कोरिया यांच्या 'द न्यू लँडस्केप' या ग्रंथाचे पुनर्वाचन

मराठी साहित्यात शहर आले ते बहुधा चाळीच्या जिन्यावरून, गिरणीच्या भोंग्यातून आणि पदपथावरील बिऱ्हाडांतून. कवींनी त्याची निर्भर्त्सना केली, कथाकारांनी त्याच्या पोटातील माणसे शोधून काढली. परंतु ज्या कागदावर हे शहर प्रथम रेखाटले जाते, तो विकास आराखडा आपल्या समीक्षेच्या कक्षेत क्वचितच आला. वस्तुतः आराखडा हीदेखील एक संहिताच होय. तिला निवेदक असतो, तो कोठे तरी उभा राहून पाहत असतो. तिच्यात पात्रे असतात, काही मध्यभागी, काही कडेला. आणि कोणत्याही संहितेत असते तसे तिच्यात मौनही असते. कथेतील मौनाने वाचक अस्वस्थ होतो, आराखड्यातील मौनाने मात्र एखाद्याची वाडी जाते. म्हणून अशा लेखनाकडे केवळ अभियंत्यांनी आणि शासकीय अधिकाऱ्यांनी पाहावे व साहित्याच्या वाचकाने दूर राहावे, ही विभागणी स्वीकारण्याजोगी नाही.

या दृष्टीने पुन्हा वाचावा असा एक ग्रंथ म्हणजे चार्ल्स कोरिया यांचा 'द न्यू लँडस्केप'. हा छोटेखानी इंग्रजी ग्रंथ १९८५ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. मूळचे गोमंतकीय असलेले कोरिया (१९३०–२०१५) वास्तुविशारद म्हणून जगाला ठाऊक आहेत. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय आणि पणजीची कला अकादमी ही त्यांची निर्मिती. दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आजच्या वास्तूतून तर आपल्यापैकी अनेकांचा त्यांच्या कलेशी, त्यांचे नाव न कळताही, परिचय झालेला असतो. प्रस्तुत ग्रंथात मात्र ते एखाद्या इमारतीविषयी लिहीत नाहीत. गरीब देशातील शहर वाढणारच असेल, तर ते माणसांना, वाहतुकीला आणि निसर्गाला पेलेल अशा रीतीने कसे वाढावे, हा त्यांचा विषय आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. १९६४ साली बृहन्मुंबईचा विकास आराखडा पुढे आला. त्यावर कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून प्रतिप्रस्ताव मांडला. त्यांचे म्हणणे सोपे होते. मुंबई हे उत्तर–दक्षिण पसरलेले चिंचोळे भूशिर आहे. कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि राहती घरे उत्तरेकडे सरकत चाललेली. त्यामुळे रोज सकाळी सारे शहर एकाच दिशेने धावते आणि संध्याकाळी उलट दिशेने परतते. या रेषेला आणखी लांबी देण्यात अर्थ नाही. खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर वसवावे, तेथे केवळ घरे न्यावीत असे नव्हे, तर कामधंदाही न्यावा, आणि धावण्याची दिशाच बदलावी. शासनाने हा विचार तत्त्वतः मान्य केला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश नव्या शहरासाठी निश्चित झाला, आणि कोरिया १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात या शहराचे प्रमुख वास्तुविशारद होते. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी हा ग्रंथ आला. त्यामुळे त्यात स्वप्नाची ऊब आहे, तशीच स्वप्न पाहणाऱ्याने मागाहून मांडलेल्या हिशेबाची कोरडी स्पष्टताही आहे.

स्थलांतर, अवकाश ही संपत्ती, समता, गतिशीलता, महानगराची थोरवी आणि त्याची भयानकता, आकड्यांची फोड, राजकीय इच्छाशक्ती आणि शेवटी उपलब्ध पर्यायांचा धांडोळा, अशा क्रमाने ग्रंथातील आठ प्रकरणे येतात. हा क्रम बोलका आहे. सुरुवात इमारतीपासून न होता गाव सोडून निघालेल्या माणसापासून होते. शहरात येणारा गरीब हा आक्रमक नव्हे, उपद्रवही नव्हे; तो शहाणपणाने निर्णय घेणारा माणूस आहे, हे कोरिया प्रथमच ठरवून टाकतात. पुढील प्रत्येक युक्तिवाद या माणसाच्या बाजूने चालतो. मध्यमवर्गीय वाचकाला त्याच्या खिडकीतून दिसणारी झोपडपट्टी या ग्रंथात उलट्या बाजूने, झोपडीच्या दारातून, दाखविली जाते. नियोजनाच्या वाङ्मयात ही सहानुभूती दुर्मीळ होती आणि आजही ती विपुल झाली आहे असे म्हणवत नाही.

ग्रंथातील सर्वांत समृद्ध भाग अवकाशाविषयीचा आहे. आपल्या हवामानात माणूस केवळ चार भिंतींत राहत नाही, हे कोरियांचे मूळ निरीक्षण. ते घराच्या चार पायऱ्या सांगतात: स्वयंपाक, झोप, साठवण यांची खाजगी जागा, उंबऱ्याजवळची, मुले खेळतात आणि शेजारीण घटकाभर टेकते ती जागा, पाणवठ्याची, म्हणजे नळाची वा विहिरीची, जागा, आणि सर्व वस्तीचे मैदान. यांपैकी एक अपुरी पडली तर दुसरीने तिची भरपाई करता येते. खोली लहान असली तरी अंगण असेल तर संसार निभतो. उंच इमारतीत अंगण व उंबरा नाहीसे होतात, आणि मग तीच लहान खोली असह्य होते. वसईच्या वाचकाला हे सांगण्यासाठी परदेशी तत्त्वज्ञाची गरज भासू नये. घराची ओटी, पुढचे खळे, वाडीतील विहीर आणि चर्चसमोरचे मैदान या चार ठिकाणी आपल्या गावांचे आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या वाटले गेले होते. आपण जे जगत होतो त्याला कोरियांनी सिद्धान्ताचे रूप दिले, आणि आपण ते मोडीत काढीत असताना त्यांनी त्याची किंमत सांगितली, असे म्हणता येईल.

समतेचे प्रकरण याच विचाराचे पुढचे पाऊल होय. उत्पन्नात मोठी तफावत असली तरी शहरातील जमिनीच्या वाटपात तितकी तफावत असू नये. भूखंडांच्या आकारात थोडाच फरक ठेवावा आणि घर मालकाने आपल्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वाढवावे, असे कोरिया सुचवितात. याच सुमारास त्यांनी बेलापूर येथे उभारलेल्या वसाहतीत हा विचार प्रत्यक्षात आला. तेथील भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटर एवढ्याच फरकाचे होते. सात घरे एका लहान चौकाभोवती, अशा तीन गटांची एकवीस घरे एका मोठ्या चौकाभोवती, अशी त्या वसाहतीची वीण. पुढे जमिनीचा भाव वाढला, तेथील अनेक मूळ घरे पाडून उंच इमले आले. घर वाढते असावे हे कोरियांनी सांगितले होते. ते शेजाऱ्याच्या उजेडावर वाढेल, याची तरतूद त्या रचनेत नव्हती. ही त्रुटी लहान नाही, कारण कोरियांचा माणसावरील विश्वास आणि बाजाराविषयीचा त्यांचा काहीसा भाबडेपणा या दोन्ही गोष्टी तीत एकत्र दिसतात.

वाहतुकीविषयीचे प्रकरण तर्कशुद्धतेचा उत्तम नमुना आहे. सार्वजनिक वाहतूक परवडते ती लोक एका रेषेत दाटीने राहत असतील तेव्हा. वस्ती चहूकडे विरळ पसरली की बसला प्रवासी मिळत नाहीत, रेल्वे तोट्यात जाते आणि ज्याच्याजवळ मोटार नाही तो घरी अडकतो. मुंबई गरिबाला जगवू शकली, कारण तिच्या दोन रेल्वेमार्गांनी तिला रेषेचा आकार दिला. म्हणून नव्या शहरातही वस्त्या मण्यांप्रमाणे एका सूत्रात ओवाव्यात. प्रथम त्या सूत्रावरून बस धावावी, गर्दी वाढली की त्याच मार्गावर रेल्वे यावी. घरापासून थांब्यापर्यंत चालत जाता आले पाहिजे, हे या साऱ्या रचनेचे माप. जमिनीचा वापर आणि वाहतूक या दोन खात्यांचे दोन विषय नसून तो एकच विषय आहे, हे इतक्या सोप्या भाषेत सांगणारे लेखन आजही फारसे नाही.

प्रत्यक्षात काय झाले? ठाणे खाडीवरील वाशीचा रस्तापूल १९७३ साली सुरू झाला. मानखुर्द–वाशी लोकल मात्र मे १९९२ मध्ये, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी, धावली. त्या मार्गाच्या खर्चाचा दोनतृतीयांश वाटा सिडकोने उचलला आणि वाशी स्थानकाच्या डोक्यावर कचेऱ्या बांधल्या. जमिनीच्या मोलातून रेल्वेचा खर्च भागविण्याची ही रीत देशात तोवर अपूर्वच होती. पण तोवर शहराला रस्त्याची सवय लागली होती. मूळ आराखड्यातील अंतर्गत रेषा पुरी होण्यास आणखी काळ गेला. बेलापूर–पेंधर ही सुमारे अकरा किलोमीटरची मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा–शेव्याकडे जाणारा जवळजवळ बावीस किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्यावर रेल्वे नाही, दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. अभियांत्रिकीचा तो मोठा पराक्रम आहे, यात शंका नाही. पण गतिशीलतेच्या प्रकरणातील मापाने तो मोजू गेल्यास तो पूल ज्यांच्याजवळ मोटार आहे त्यांच्यासाठीच प्रथम बांधला गेला, या निष्कर्षाला टाळता येत नाही.

राजकीय इच्छाशक्तीचे प्रकरण वाचताना लेखकाचा संयम जाणवतो. नव्या शहराची सारी मांडणी एका गृहीतकावर उभी होती: राज्य शासनाने आपले मुख्य कार्यालय खाडीपलीकडे न्यावे, म्हणजे त्यामागे बँका, कंपन्या व नोकऱ्या आपोआप जातील. शासन गेले नाही. उलट समुद्र बुजवून नरिमन पॉइंटला उंच इमारती चढत गेल्या आणि १९८१ साली नवे विधान भवनही तेथेच उभे राहिले. ज्याने आराखडा मंजूर केला त्यानेच त्याचा पाया काढून घेतला. कोरियांच्या जागी दुसरा कोणी असता तर हे प्रकरण तक्रारीचे झाले असते. त्यांनी ते विश्लेषणाचे केले आहे, आणि त्यामुळे ते अधिक बोचते.

येथवर ग्रंथाचे गुण सांगितले. आता त्याच्या निवेदकाविषयी बोलले पाहिजे. कोरियांचे गद्य स्वच्छ, वेगवान आणि मार्मिक आहे. दोन परिच्छेद आणि एक आकृती एवढ्यात ते मोठा प्रश्न उलगडून दाखवितात. रेषा, चौकोन, बाण यांनी शहर जणू तळहातावर येते. परंतु या शैलीचीच एक मर्यादा आहे. आकृती नेहमी वरून काढलेली असते, आणि वरून पाहणाऱ्याला जमीन मोकळी दिसते. ग्रंथाच्या नावातील 'नवे' हे विशेषणही याच उंचीवरून आलेले आहे. जे भूदृश्य लेखकाला नवे, ते तेथे नांदणाऱ्याला नवे नसते. नवी मुंबई ज्या प्रदेशावर वसली तेथे ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावे होती. आगरी शेतकरी, कोळी, मिठागरांवरील मजूर यांची ती गावे. खाऱ्या जमिनीला बांध घालून, भरतीला उघाड्या लावून आणि ओहोटीला त्या काढून या माणसांनी भातशेती उभी केली होती. ती खाजणे हाही एक आराखडाच होता. तो कागदावर नव्हता, एवढेच.

या माणसांसाठी ग्रंथात स्वतंत्र प्रकरण नाही. ग्रंथाचा नायक आहे तो येणारा माणूस. आधीपासून असलेला माणूस त्या नायकत्वात वाटेकरी होत नाही. ही उणीव केवळ वाङ्मयीन समतोलाची असती तर तिचा एवढा विस्तार केला नसता. ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी १९८४ मध्ये, उरण तालुक्यात जासईच्या परिसरात भूसंपादनाविरुद्ध शेतकरी उभे राहिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचा बळी घेतला. त्या रक्तातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व आकाराला आले, आणि १९९० साली ते नवी मुंबईत लागू झाले. समतेवर प्रकरण लिहिणाऱ्या ग्रंथात जी समता निसटली, ती मोर्चाने लिहिली. उरणपर्यंत लोकल पोहोचली ती जानेवारी २०२४ मध्ये. जासईच्या त्या घटनेला तेव्हा चाळीस वर्षे होत होती. ज्यांच्या जमिनीवर शहर प्रथम मोजले गेले, त्यांच्या दारी शहराची गाडी शेवटी आली.

पर्यावरणाच्या बाबतीत आराखडा निव्वळ आंधळा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीलगतचा. तेथे पावसाचे पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव बांधण्यात आले. भरतीला दारे बंद होतात, पाणी तलावात थांबते, ओहोटीला ते खाडीत जाते. थोडक्यात, खाजणातील उघाडीचेच हे मोठे रूप. शेतकऱ्याची विद्या अभियंत्याने घेतली. विद्येबरोबर शेतकऱ्याला मात्र घेतले नाही. कालांतराने या तलावांत गाळ साचला, खारफुटी वाढली, आणि आता ते उपसावेत की राखावेत असा पेच पडतो. खाडीचे बदललेले रूपही असेच दुहेरी आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य घोषित झाले, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आणि त्याच शहराच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा वस्त्या हलविल्या गेल्या. हे विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटित झाले. एका हाताने राखायचे आणि दुसऱ्याने बुजवायचे, या दोन्हींची बेरीज कोठेच मांडली जात नाही. कोरियांनी आकड्यांची फोड करण्याची जी पद्धत शिकविली, ती पाण्याच्या आणि चिखलाच्या हिशेबाला लावण्याचे काम त्यांच्या वाचकांकडेच राहिले.

आता हा ग्रंथ वसईत बसून वाचावा. त्याचे कारण भावनिक नाही. १९८८ साली शासनाने वसई–विरार पट्ट्यातील हरित क्षेत्र बांधकामासाठी खुले केले, आणि १९९० साली या पट्ट्याचे नियोजन ज्या संस्थेकडे सोपविले ती सिडकोच होती. मात्र दोन्ही ठिकाणी तिचे हात सारखे नव्हते. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या मालकीची झाली होती. त्यामुळे तिला रस्ते, स्थानके, तलाव यांसाठी जागा राखता आली, आणि त्याची किंमत गावांनी मोजली. वसईत जमीन खाजगी मालकीची राहिली. गावे विस्थापित झाली नाहीत, पण येथे इमारत आधी आली, गटार नंतर आले, आणि आराखडा सर्वांत शेवटी. त्याला मंजुरी मिळाली ती २००७ साली. एका ठिकाणी शासनाने सारे घेतले, दुसऱ्या ठिकाणी त्याने सारे सोडून दिले. या दोन टोकांच्या मध्ये जी वाट असावयास हवी होती, तिचा शोध ना त्या ग्रंथात पुरता आहे, ना आपल्या कायद्यांत.

ती वाट शोधण्याचा एक प्रयत्न येथल्या लोकांनी केला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. टँकरने उपसले जाणारे विहिरींचे गोडे पाणी, बुजविली जाणारी बावखले, धमकावून घेतल्या जाणाऱ्या वाड्या हे तिचे विषय होते. पुढे आराखड्याचा मसुदा आला तेव्हा हजारो नागरिकांनी त्यावर हरकती नोंदविल्या. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याने प्रत्येक नागरिकाला हा अधिकार दिला आहे. वाङ्मयाचा विद्यार्थी या नात्याने मला त्या हरकतींचे मोल फार मोठे वाटते. सर्व्हे क्रमांक, विहिरीची जागा, पाण्याची वाट सांगणारे ते अर्ज म्हणजे एका संहितेची तिच्याच पात्रांनी केलेली समीक्षा होय. वरून काढलेल्या आकृतीला जमिनीवरून दिलेले ते उत्तर होते. जुलै २०१८ मध्ये वसई–नालासोपारा पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, मिठागरांतील माणसे पाण्याने वेढली गेली, तेव्हा त्या अर्जांतील पाण्याच्या वाटा किती खऱ्या होत्या हे सर्वांनाच दिसले.

तथापि येथेच थांबलो तर आपण कोरियांवर अन्याय करू आणि स्वतःवर उपकार. कारण त्यांचा एक प्रश्न आपण वसईकरांनी नेहमी टाळला आहे: येणाऱ्या माणसाने राहावे कोठे? २०११ च्या जनगणनेत वसई–विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. नालासोपाऱ्याच्या चाळींतून पहाटेची लोकल गाठणारी माणसे हौसेने पाणथळीत राहावयास आलेली नाहीत. मुंबईने त्यांचे श्रम घेतले आणि त्यांना घर नाकारले. कोरियांच्या रेषेचे गणित येथे अर्धेच घडले: रेल्वे होती, दाट वस्ती झाली, पण कामधंदा दक्षिणेलाच राहिला. म्हणून २००७ साली विरारपर्यंत चार रूळ झाले तरी गर्दी हटली नाही. केवळ वाहतूक वाढविल्याने दिशा बदलत नाही, हा ग्रंथातील सिद्धान्त आपल्या फलाटांवर रोज सिद्ध होतो.

आणखी एक कटू गोष्ट. हरित पट्टा राखण्याची भाषा कधी कधी आपली वाडी राखण्याची आणि शेजारच्या खाजणाकडे डोळेझाक करण्याची भाषा होते. काहींनी धमकीने जमीन दिली, हे खरे. काहींनी भावाने दिली, हेही खरे. जी हिरवळ केवळ आपल्या कुंपणाच्या आत मोजली जाते, ती निसर्गरक्षणाच्या नावाखाली केलेली मालमत्तेची राखणच ठरते. नवागताच्या डोक्यावर छप्पर, मूळ रहिवाशाच्या पायाखाली जमीन आणि पाण्याला वाट, या तिन्ही गोष्टी एका कागदावर आणल्याशिवाय आराखडा पुरा होत नाही. कोरियांनी पहिलीला सर्वस्व वाहिले, आपण दुसरीसाठी लढलो, आणि तिसरीचे वकीलपत्र बहुधा पुराने घेतले.

ग्रंथाचे अंतिम मूल्यमापन करावयाचे तर ते असे होईल. 'द न्यू लँडस्केप' हा भारतीय नगररचनेवरील अतिशय मानवी आणि स्वच्छ ग्रंथांपैकी एक आहे. अवकाश, समता आणि गतिशीलता यांचे परस्परनाते त्याने जितक्या सुबोधपणे उलगडले, तितके क्वचितच कोणी उलगडले असेल. त्याचे भाकीत चुकले असे म्हणण्यापेक्षा त्याचे ऐकले गेले नाही असे म्हणणे अधिक न्याय्य. परंतु त्याची नजर येणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी खिळली आहे की, ज्याच्या दारात तो येणार त्याचा चेहरा तिला नीट दिसत नाही. त्या आठ प्रकरणांत पूर्ववस्तीचे नववे प्रकरण असावयास हवे होते. ते एका वास्तुविशारदाने लिहिण्याजोगे नव्हतेच. त्याचे काही भाग जासईला लिहिले गेले, काही वसईच्या हरकतींच्या अर्जांत.

हे लेखन मराठीत येणे अगत्याचे आहे. विकास आराखड्यांची भाषा आजही बहुतांश लोकांना परकी आहे. प्रसिद्धीची मुदत टळून गेल्यावर गावाला कळते की नकाशातील एक रंगीत रेघ आपल्या विहिरीवरून गेली आहे. ज्या समाजाने प्रवचन, कथा, कविता, लोकगीत यांचे रसग्रहण पिढ्यान्‌पिढ्या केले, त्याला नकाशा वाचणे अवघड जाऊ नये. पुढचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा त्यातील निवेदक कोठे उभा आहे, कोणाला पाहतो आहे आणि पाण्याला त्याने कोठून जाऊ दिले आहे, एवढे तीन प्रश्न विचारूनच तो वाचावयास घ्यावा.